फॅरडला कोणत्या वजनानं भागायचं?

वीज पटकन साठवून पटकन परत देणाऱ्या सुपरकपॅसिटर या साधनावरचा शोधनिबंध उघडला की गोषवाऱ्यातच एक आकडा भेटतो: अमुक इतके फॅरड प्रति ग्रॅम, म्हणजे ग्रॅमभर पदार्थाची धारिता, विद्युतभार साठवण्याची ताकद. सहाशे, नऊशे, दीड हजार. आकडा मोठा असला की मासिक मोठं मिळतं, आणि मासिक मोठं मिळालं की पुढची शिष्यवृत्ती, प्रकल्प, नोकरी जवळ येते. सरकारी पैशातून चालणाऱ्या नॅनोपदार्थांच्या संशोधनाचा दर्जा या आकड्यावर ठरवणं आपण थांबवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा बहुतेक वेळा प्रामाणिकपणेच मोजलेला असतो. अडचण भागाकारात आहे. तिथे खाली जे वजन घेतलं जातं, तेवढ्याच वजनात कुणालाही वस्तू बनवता येत नाही.

एका पट्टीवर हे नीट दिसतं. स्टेनलेस स्टीलचा ०.१ मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यायचा. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचा, धुवायचा, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, वाळवून वजन करायचं. मग सिलार, म्हणजे द्रावणांत आळीपाळीनं बुडवण्याच्या, पद्धतीनं विद्युतभार साठवणाऱ्या पदार्थाचा थर चढवायचा. चार बीकर: पहिल्यात धातूच्या क्षाराचं द्रावण, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड घडवणारं द्रावण, चौथ्यात पुन्हा पाणी. प्रत्येकात वीसेक सेकंद बुडवायचं, अशा पन्नास-साठ फेऱ्या. धुणं कमी पडलं तर सुटे आयन पुढच्या बीकरमध्येच साका धरतात आणि थर भुकटीसारखा झडतो. जास्त धुतलं तर चिकटलेलंही सुटून जातं आणि थर वाढतच नाही. १९८५ च्या सुमारास निकोलाऊ यांनी मांडलेली ही पद्धत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी रुजली, कारण तिला महागडं व्हॅक्यूम यंत्र लागत नाही. बीकर, हॉटप्लेट आणि हाताचं कसब पुरतं. कमी साधनांत पदार्थविज्ञान करण्याची ही परंपरा अभिमान वाटावा अशीच आहे, आणि म्हणूनच तिचं पुढे काय होतं याची काळजी वाटते.

आता एक चौरस सेंटिमीटरचा हिशेब करू. त्या पत्र्याचं वजन साधारण ७९ मिलिग्रॅम. त्यावर चढलेला थर ०.३ मिलिग्रॅम. तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा असेल, तर आधीचं वजन ७९.२ आणि नंतरचं ७९.५ असं दिसतं. पण ७९.२ म्हणजे ७९.१५ ते ७९.२५ मधलं काहीही, आणि ७९.५ चंही तसंच. म्हणजे थर ०.२ मिलिग्रॅमही असू शकतो आणि ०.४ सुद्धा. मोजलेली धारिता ०.१८ फॅरड धरली, तर पहिल्या वजनानं उत्तर येतं ९०० फॅरड प्रति ग्रॅम आणि दुसऱ्या वजनानं ४५०. पट्टी तीच, मोजणी तीच. वाळवताना राहिलेला ओलावा, कडेला उडालेला कण, बोटाचा ठसा हे तर अजून धरलेलंच नाही. ०.०१ मिलिग्रॅम वाचणारा तराजू असल्याशिवाय आणि पाच पट्ट्यांची सरासरी दिल्याशिवाय असा आकडा छापूच नये.

थर नेमका ०.३ मिलिग्रॅम आहे असं मानू. उत्तर ६०० फॅरड प्रति ग्रॅम. यात पत्रा धरला तर तोच आकडा २.३ वर येतो. कुणी म्हणेल, पत्रा पातळ घ्या आणि दोन्ही बाजूंनी थर चढवा. रास्त आहे. २० मायक्रॉनचा पत्रा, दोन्ही बाजूंना थर: एकूण १६.४ मिलिग्रॅमवर ०.३६ फॅरड, म्हणजे ग्रॅमला २२. पण सेल अशा एका पट्टीचा, म्हणजे एका इलेक्ट्रोडचा, होत नाही. दोन सारखे इलेक्ट्रोड एकापुढे एक जोडले की धारिता निम्मी होते आणि वजन दुप्पट, म्हणजे ग्रॅममागचा आकडा चौथाईवर येतो: साडेपाच. पाण्यातल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोडांमधल्या आयनवाहक द्रावणात, जेमतेम एक व्होल्ट मिळतो. त्या हिशेबानं ऊर्जा किलोला पाऊण वॉट-तास. त्यातही इलेक्ट्रोलाइट, दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा सेपरेटर आणि डबी यांचं वजन अजून मिळवायचं आहे.

शेजारी बाजारात मिळणारा सेल ठेवा: ३००० फॅरड, २.७ व्होल्ट, वजन साधारण ५१० ग्रॅम. डबी, टर्मिनल, सगळं धरून किलोला सुमारे सहा वॉट-तास. आत कुठलाही नवलाचा पदार्थ नाही. नारळाच्या करवंटीपासून बनवलेला सक्रिय कोळसा असतो आणि त्याची स्वतःची धारिता ग्रॅमला शंभरेक फॅरडच असते. तरीही तो आपल्या सहाशेवाल्या पट्टीच्या आठपट पुढे आहे. कारण त्याच्या ५.४ मिलिग्रॅमच्या अॅल्युमिनियम फॉइलवर दोन्ही बाजूंनी मिळून दहा-बारा मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कोळसा असतो आणि सेंद्रिय इलेक्ट्रोलाइट २.७ व्होल्ट सोसतो. ऊर्जेच्या सूत्रात व्होल्टेजचा वर्ग येतो. एकावरून २.७ वर गेलं की सात पटींहून अधिक फायदा पदरात पडतो. पदार्थाची धारिता सात पटींनी वाढवण्याच्या खटपटीपेक्षा ही वाट कितीतरी जवळची आहे.

हे मुद्दे काही नवे नाहीत. युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमॉन यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ मासिकात नेमकं हेच सांगितलं: पातळ थरावरचे प्रति ग्रॅम आकडे पूर्ण सेलच्या कामगिरीबद्दल दिशाभूल करतात. २०१५ मध्ये ब्रुस, बेलांजे आणि लाँग यांनी आणखी एका गोंधळावर बोट ठेवलं. तो गोंधळ आपल्याकडच्या प्रयोगशाळांत फार खोल रुजलेला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

निकेल हायड्रॉक्साइड घ्या. त्याची सैद्धांतिक क्षमता ग्रॅमला २८९ मिलिअँपिअर-तास, म्हणजे सुमारे १०४० कूलंब. ही बॅटरीची अभिक्रिया आहे. निकेल-कॅडमियम बॅटरी शंभराहून अधिक वर्षं याच अभिक्रियेवर चालली. विद्युतभार एका ठरावीक व्होल्टेजच्या आसपास एकदम बाहेर येतो, कपॅसिटरसारखा व्होल्टेजच्या प्रमाणात हळूहळू येत नाही. तरीही त्या १०४० कूलंबला ०.५ व्होल्टच्या अरुंद पट्ट्यानं भागलं की हाती २०८० ‘फॅरड प्रति ग्रॅम’ येतात. पट्टा ०.४ चा घेतला की २६००. पदार्थ तोच राहिला, भाजक लहान झाला आणि विक्रम झाला. सीव्हीच्या, म्हणजे व्होल्टेज वरखाली फिरवून प्रवाह मोजण्याच्या, आलेखात दोन ठळक शिखरं दिसत असतील आणि डिस्चार्जच्या रेषेत पठार दिसत असेल, तर उत्तर कूलंब किंवा मिलिअँपिअर-तासातच द्यायला हवं. फॅरड हा शब्दच तिथे चुकीचा आहे. परीक्षकांनी ही एक गोष्ट पाळली तरी कितीतरी विक्रम आपोआप गळून पडतील.

त्यात पत्र्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या सच्छिद्र निकेल फोमची भर. दीडेक मिलिमीटर जाडीच्या फोमचं वजन चौरस सेंटिमीटरला ३५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि त्यावरचा पदार्थ एखादा मिलिग्रॅम. टेफ्लॉनच्या अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यात, १२०-१८० अंशांवर रात्रभर ठेवलं की फोमचा स्वतःचा पृष्ठभागही गंजून निकेल हायड्रॉक्साइड होतो. तोही विद्युतभार देतो, पण वजनात धरला जात नाही. काही वेळा फोम झिजून हलका होतो आणि वजनातला फरक खऱ्या थरापेक्षा कमी भरतो. याला उपाय आहे आणि तो फुकट आहे: तेच द्रावण, तेच तापमान, तेवढाच वेळ, फक्त आपला क्षार न घालता कोरा फोम काढायचा आणि त्याची मोजणी त्याच आलेखावर टाकायची. हा कोरा आलेख किती निबंधांत सापडतो ते पाहावं. तसंच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) वापरला की काही तासांत तो सरकू लागतो. अल्कलीत मर्क्युरी ऑक्साइडचाच हवा.

नॅनोनं ऊर्जा साठवणीत काहीच दिलं नाही असं म्हणणं मात्र चुकीचं ठरेल. लिथियम आयर्न फॉस्फेटचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. १९९७ मध्ये गुडइनफ यांच्या गटानं तो पदार्थ मांडला तेव्हा त्याची विद्युतवाहकता इतकी कमी होती की वेगानं चार्ज-डिस्चार्ज करणं अशक्य वाटत होतं. कण काहीशे नॅनोमीटरच्या खाली आणले, प्रत्येकावर काही नॅनोमीटर कार्बनचा लेप दिला, आणि लिथियमला कणाच्या आतून चालायचं अंतर कमी झालं. आज विजेवर चालणाऱ्या गाड्यांत हीच बॅटरी सर्रास आहे. खिशातल्या मोबाइलमध्ये शेकड्यांनी सिरॅमिक कपॅसिटर असतात. त्यांतले बेरियम टायटनेटचे थर मायक्रॉनपेक्षा पातळ असतात, कारण त्याची पूड शंभर-दोनशे नॅनोमीटरची, एकसारखी आणि शुद्ध बनवता येते. या दोन्ही ठिकाणी नॅनो आकार एका नेमक्या अडचणीवरचं उत्तर म्हणून आला. आधी अडचण होती, मग आकार ठरला. आपल्याकडे पुष्कळदा आधी फुलासारखा, सुईसारखा, पाकळीसारखा आकार मिळतो, सेम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतो, आणि मग त्याला अडचण शोधली जाते.

खरी परीक्षा लेप देताना होते. प्रयोगशाळेतली नॅनोपूड कारखान्याच्या पद्धतीनं लावायची तर ती चिकटद्रव्य आणि वाहक कार्बनबरोबर घोटून तिची स्लरी करावी लागते. नेहमीचं प्रमाण ऐंशी-नव्वद टक्के पदार्थ, बाकीचे दोन मिळून दहा-वीस. नॅनोपुडीचं पृष्ठक्षेत्र अफाट, त्यामुळे ती द्रावक पिऊन टाकते. इडलीच्या पिठासारखी घट्ट होते, पसरत नाही. पातळ करायला द्रावक वाढवला की वाळताना लेप आकसतो आणि उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा भेगा पडतात. कण जितके बारीक तितकी भेग न पडता मिळणारी जाडी कमी. घाईनं जास्त तापमानाला वाळवलं तर चिकटद्रव्य वर सरकतं, फॉइलजवळ उरत नाही, आणि रोलरखालून काढताना लेपाचा पापुद्रा निघतो. म्हणूनच लिथियम आयर्न फॉस्फेटवाल्यांनी नॅनोकण स्प्रे ड्रायरमधून काढून त्यांचे काही मायक्रॉनचे गोळे बांधले. आत नॅनो, बाहेरून मायक्रॉन. या एका पायरीवर किती हुशारी खर्ची पडली असेल! पण आपल्याकडे त्या पायरीवर पीएच.डी. करायला विद्यार्थी कचरतो, कारण त्यात प्रति ग्रॅम आकडा वाढत नाही. उलट थोडा घटतो.

शेतीतल्या काडीकचऱ्यापासून कार्बन हा आपल्याकडचा आणखी एक आवडता विषय. केळीची साल, उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं. पद्धत ठरलेली: आधी कमी तापमानाला जाळून कोळसा, मग तीन-चार पट पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून नायट्रोजनमध्ये ७००-८०० अंशांना तासभर, मग आम्लानं आणि पाण्यानं धुणं. पृष्ठक्षेत्र उत्तम येतं. निबंधात मात्र शंभर ग्रॅम कच्च्या मालातून शेवटी किती ग्रॅम कार्बन मिळाला हे क्वचित असतं. किलोभर कार्बनामागे किती अल्कली, किती आम्ल आणि किती पाणी गेलं हे तर त्याहून क्वचित. त्या तापमानाला पोटॅशियमची वाफ सुटते, भट्टीची नळी खाऊन टाकते. प्रयोगशाळेतल्या बोटीच्या आकाराच्या लहान भांड्यात ते चालून जातं, मोठ्या भट्टीत धोक्याचं असतं. आणि महाराष्ट्रात चिपाडाला टाकाऊ म्हणणं मुळातच गैर आहे. साखर कारखाने तेच बॉयलरला लावून वाफ आणि वीज काढतात. त्याच्याशी स्पर्धा करायची तर हिशेब रुपयांत मांडावा लागेल. त्यापेक्षा कोकणातल्या करवंट्यांचा विचार अधिक नेटका आहे, कारण करवंटीचा कोळसा वाफेनं सक्रिय करता येतो, राख कमी, घनता चांगली, आणि त्याची सुपरकपॅसिटरमधली पत जगात सिद्ध झालेली आहे. प्रश्न फक्त शुद्धतेचा आहे: लोह आणि क्लोराइडचा अंश दर दहा लाखांत किती भागांवर आणता येतो. कोकण आणि पुणे यांच्यामध्ये एक चांगला रसायनशास्त्राचा प्रकल्प इथे वाट पाहतोय.

टिकाऊपणाचंही तसंच. ‘पाच हजार फेऱ्यांनंतर ९२ टक्के’ हे वाक्य पाठ झालं आहे. भरण्या-उतरण्याची एक फेरी चाळीस सेकंदांची धरली तर पाच हजार फेऱ्या म्हणजे दोन लाख सेकंद, छप्पन्न तास. शनिवारी लावली की सोमवारी संपते. वर सांगितलेल्या ३००० फॅरडच्या सेलची ग्वाही दहा लाख फेऱ्यांची असते, आणि शिवाय ६५ अंशांना पूर्ण व्होल्टेजवर १५०० तास धरून ठेवण्याची. कपॅसिटर मरतो तो अशा धरून ठेवण्यात. इलेक्ट्रोलाइटमधलं पाणी दर दहा लाखांत काही दशक भागांपुढे गेलं की २.७ व्होल्टला वायू होतो, डबी फुगते, विद्युतरोध वाढतो. साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्कीत पात्यांचा कोन वळवणाऱ्या यंत्रणेला वीज गेल्यावर लागणारी शेवटची ऊर्जा सुपरकपॅसिटर देऊ शकतो. तिथे तो महिनोन्‌महिने भरलेला बसून असतो आणि विदर्भात बसवला तर मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत, बंद पेटीत. त्याला फेऱ्यांशी काही देणंघेणं नाही. भरून ठेवल्यावर दोन दिवसांनी किती व्होल्ट उरतात हा त्याचा प्रश्न, आणि स्वतःहून उतरण्याचा हा आलेख काढायला दोन तारा आणि एक व्होल्टमीटर पुरतो.

केंद्र सरकारनं २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १००० कोटींचं नॅनो मिशन सुरू केलं. त्यातून उपकरणं आली, माणसं तयार झाली आणि नॅनोवरच्या निबंधांच्या संख्येत भारत जगात वरच्या रांगेत पोचला. तो पाया होता आणि तो घालणं योग्यच होतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती काढली, हेही चांगलं झालं. पण नेमणुका, बढत्या आणि प्रकल्प देताना निबंधांचीच मोजदाद होत असेल, तर विद्यार्थी काय शिकणार? प्रकल्प देणाऱ्या समितीनं एक पानाचा तक्ता सक्तीचा करावा. त्यात लेपाचं वजन प्रति चौरस सेंटिमीटर, जाडी, वजनातली चूक, कोऱ्या पत्र्याची किंवा फोमची मोजणी, दोन इलेक्ट्रोडच्या सेलचे आकडे, चाळीस अंशांवर किमान पाचशे तास धरून ठेवल्यानंतरची धारिता आणि रोध, आणि बनवलेल्या सेलपैकी किती चालले हे असावं. शेवटची ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. दहा सेल केले, तीन शॉर्ट झाले, दोन फुगले, पाच चालले, असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळायला हवेत.

यावर एक आक्षेप येईल: मूलभूत संशोधनाला वस्तूच्या फूटपट्टीनं का मोजता? आक्षेप खरा आहे. एखाद्या ऑक्साइडमध्ये प्रोटॉन कसा शिरतो हे समजून घेण्यासाठी पातळ थरच उत्तम, आणि त्या निबंधात ऊर्जा घनतेचा उल्लेखही नको. माझा तंटा त्या निबंधाशी नाही. पातळ थरावर मोजून प्रस्तावनेत विद्युत वाहनांचं भवितव्य लिहिणाऱ्या निबंधाशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकानं पाचशे तासांची चाचणी कुठे करायची? मोजणीचं यंत्र, म्हणजे पोटेन्शिओस्टॅट, एक, त्यावर विद्यार्थी सहा, आणि वीज जाते ती वेगळीच. तक्ता सक्तीचा करून अशांना बाहेर ढकलायचं असेल तर तो न केलेला बरा. म्हणून तक्त्याआधी सोय हवी, आणि तिचा नमुना आपल्यासमोर आहे. १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली ती देशभरातल्या विद्यापीठांच्या खगोलशास्त्रज्ञांना एक सामाईक घर म्हणून. नॅनोइलेक्ट्रॉनिक्ससाठी मुंबईच्या आयआयटीतली क्लीन रूम इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्या संशोधकांना खुली आहे. केरळमध्ये कण्णूरला केल्ट्रॉन या राज्य सरकारच्या कंपनीनं इस्रोच्या तांत्रिक मदतीनं सुपरकपॅसिटर बनवायला २०२४ मध्ये सुरुवात केली, म्हणजे माल घेणारं गिऱ्हाईकही देशातच आहे. मग लेप देण्याची आणि सेल बांधण्याची एक सामाईक जागा कोल्हापुरात आणि एक खानदेशात का असू नये?

यादी मोठी नाही. स्लरी घोटायचं व्हॅक्यूम मिक्सर, वाळवणीसह छोटं कोटिंग मशीन, रोलर प्रेस, व्हॅक्यूम ओव्हन, ओलावा नसलेली ग्लोव्ह बॉक्स, पाउच बंद करायचं सीलर, पन्नास-साठ चॅनलची सायकलिंग यंत्रणा आणि दोन तापमान कक्ष. सोबत बॅटरी बॅकअप, कारण चारशेव्या तासाला वीज गेली तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून. आणि निकेल-कोबाल्टचं धुवणीचं पाणी बेसिनमध्ये न ओतता साठवायची टाकी.

यंत्रं निविदेतून येतील. अडेल ते माणसावर. जुलैच्या दमट हवेत तीच स्लरी एप्रिलपेक्षा वेगळी वागते, ब्लेडची फट किती ठेवायची, लेप ओला असताना त्याची चकाकी पाहून तो भेगाळणार की नाही हे कसं ओळखायचं, हे तीन-चार वर्षं रोज हात घातल्यावर येतं. अशा तंत्रज्ञाला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवलं तर तो शिकून झाल्याच्या महिन्यात पुण्याच्या एखाद्या कंपनीत जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. तेव्हा आधी दोन कायम पदं मंजूर करा, ती भरा, आणि कोणती यंत्रं घ्यायची हे त्या दोघांना विचारून ठरवा.